डबा चालू आहे, पण दिसत काहीच नाही

गेल्या अंकात मिनी पीसीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे तो तळहातावर मावणारा डबा, मॉनिटर-कीबोर्ड न लावता कोपऱ्यात ठेवून द्यायचा आणि लांबून वापरायचा. त्यावर जी पत्रं आली त्यात बहुतेकांची तक्रार एकच, मॉनिटर होता तोवर झकास, मॉनिटर काढला आणि बोंब. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, प्रिंटरवाल्यांनी महिनाभर धीर धरा.

प्रश्न (कोल्हापूर): ताई, आमच्या सीएच्या ऑफिसात एन100 प्रोसेसरवाला मिनी पीसी घेतला, विंडोज 11, त्यावर टॅली. घरून एनीडेस्कने जोडतो. मॉनिटर लावून सगळं सेट केलं तेव्हा मस्त चालत होतं, मग तो मॉनिटर रिसेप्शनला दिला आणि तेव्हापासून स्क्रीन एवढीशी दिसते, टॅलीतली उजवीकडची बटणं कापली जातात, रिझोल्यूशन वाढवायला गेलं तर 1024 बाय 768 च्या वर पर्यायच नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पण परत टाकून बघितला. चिप गेली का?

उत्तर: चिपला काही झालेलं नाही, दुकानदाराकडे भांडायला जाऊ नका. झालंय असं की तुमच्या मशीनला वाटतंय समोर बघायला कोणीच नाही, आणि रिकाम्या थिएटरात पूर्ण सेट लावून नाटक कोण करतं.

एचडीएमआयच्या वायरीत 19 पिना असतात. त्यातल्या 18 नंबरवरून पीसी 5 व्होल्ट सोडतो, पलीकडे मॉनिटर असला तर तो 19 नंबरच्या पिनवर सिग्नल उचलून धरतो, की बाबा मी आहे. मग पीसी 15 आणि 16 नंबरच्या पिनांवरून मॉनिटरमधली एक बारकी चिप वाचतो. त्या चिपमध्ये ईडीआयडी नावाची माहिती असते, मूळ तुकडा फक्त 128 बाइटचा, पण त्यात कंपनी, मॉडेल, कुठकुठली रिझोल्यूशन चालतात हे सगळं असतं. तुम्हाला सेटिंगमध्ये जी रिझोल्यूशनची यादी दिसायची ती तिथून यायची. मॉनिटर गेला, यादी गेली, विंडोजने आपली कामचलाऊ स्क्रीन लावून दिली. कुणाकडे 1024, कुणाकडे 800 बाय 600, कुणाकडे थेट काळोख, ते ड्रायव्हरवर अवलंबून. ड्रायव्हर कितीही वेळा टाका, यादी येणार नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ही खालच्या सगळ्या प्रश्नांना लागू आहे म्हणून इथेच नीट सांगते. लांबून स्क्रीन दाखवणारी सॉफ्टवेअर दोन जातीची. एक जात मशीनवर जी स्क्रीन आधीच चालू आहे तीच उचलून तुम्हाला पाठवते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, विंडोजवरचे नेहमीचे व्हीएनसी हे सगळे या जातीत. मूळ स्क्रीनच फाटकी असेल तर हे तरी काय पाठवणार. दुसरी जात स्वतःची नवीन स्क्रीन तयार करते, तुमच्या लॅपटॉपच्या मापाची, मशीनला मॉनिटर असो नसो. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप म्हणजे आरडीपी या जातीत येतं. आपलं सॉफ्टवेअर कुठल्या जातीतलं हे आधी बघायचं, सेटिंगमध्ये बोटं घालायची ती नंतर.

म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते. पहिला, एचडीएमआयचा डमी प्लग. अंगठ्याएवढा असतो, आत ती ईडीआयडीची चिप आणि एखाद-दोन रेझिस्टर, बाकी काही नाही. काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतो, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. मशीन बंद करून लावायचा, चालू करायचं, सेटिंगमध्ये 1920 बाय 1080 निवडायचं, झालं. फक्त एक सांभाळा, बाजारातले बरेच प्लग फोरकेवाले असतात आणि विंडोज आपणहून 3840 बाय 2160 पकडून बसतं. मग अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि पाठवायचे पिक्सेल चौपट झाले म्हणून माउस पण रेंगाळतो, आणि लोक म्हणतात प्लग खराब निघाला. रिझोल्यूशन खाली आणा, स्केल 100 टक्के करा. टॅलीला फोरके कशाला हवंय?

दुसरा रस्ता आरडीपी, पण त्याला मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीवर बाहेरून आरडीपीने येता येत नाही. स्वस्त मिनी पीसीवर दोन्हीपैकी काहीही टाकलेलं असतं, सेटिंग, सिस्टिम, अबाउटमध्ये बघून घ्या. प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप चालू करा. लॉगिनला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, इथे फार जण अडकतात. आणि साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोने साइन-इन करू द्यायचं असं एक बटण असतं, ते चालू असेल तर बंद करा. अजून एक, प्रो असलं तरी एका वेळी एकच माणूस. ऑफिसातला दुसरा आर्टिकल म्हणजे शिकाऊ सीए त्याच मशीनवर शिरला की पहिला बाहेर. त्यावर नेटवर जे जुगाड मिळतात ते लायसन्सच्या विरुद्ध आहेत, सीएच्या ऑफिसात तरी नकोत.

माझं मत विचाराल तर प्लग घेऊन टाका, आरडीपी असलं तरी. कधी आरडीपी रुसलं तर एनीडेस्कचा दुसरा दरवाजा उघडा राहतो.

प्रश्न (पिंपरी): माझ्याकडे एक एक्सेलचा मॅक्रो आहे जो पोर्टलवर स्वतः क्लिक करून रिपोर्ट काढतो, रात्रभर चालतो. आरडीपीने जोडलेलं असलं की नीट चालतो, मी आरडीपी बंद करून झोपलो की मॅक्रो अडकतो, आणि एनीडेस्कने बघितलं तर नुसती लॉक स्क्रीन.

उत्तर: आरडीपीची खिडकी बंद केली की त्याने बनवलेली स्क्रीनही जाते आणि सेशन लॉक होतं. मागे चालणारे प्रोग्रॅम चालूच राहतात, पण तुमचा मॅक्रो स्क्रीनवर बटण शोधून क्लिक करणारा आहे, त्याला बटण सापडणार कुठून.

खिडकी बंद करायच्या ऐवजी सेशन मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनकडे सोपवायचं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी क्वेरी सेशन ही कमांड द्या, तुमच्या नावासमोर सेशनचा आकडा दिसेल. मग टीएसकॉन, जागा सोडून तो आकडा, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून डेस्ट, कोलन, कन्सोल, सगळं इंग्रजी अक्षरांत. एंटर मारलं की तुमच्याकडची खिडकी तुटेल, घाबरू नका, तिकडे डेस्कटॉप उघडाच राहतो आणि मॅक्रो चालू राहतो. पण आता तो मशीनच्या खऱ्या स्क्रीनवर गेला, म्हणजे वर कोल्हापूरकरांना सांगितलेलं दुखणं तुमच्या मागे लागलं, मॉनिटर नसेल तर स्क्रीन लहान होणार आणि मॅक्रोची क्लिक करायची जागा चुकणार. डमी प्लग लावाच. आणि हे मशीन अनलॉक राहतं हे लक्षात असू द्या, कोणी मॉनिटर जोडून बसला तर सगळं त्याच्यासमोर उघडं. कुलूप असलेल्या खोलीत ठेवा.

प्रश्न (ठाणे): आरडीपीने लॉगिन होतं, मग पूर्ण काळी स्क्रीन, फक्त माउसचा बाण हलतो. मशीन रिस्टार्ट केलं की एक-दोन दिवस बरं चालतं.

उत्तर: कंट्रोल, ऑल्ट, एंड दाबा. आरडीपीत कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या जागी हे असतं, लॅपटॉपला एंडची कळ नसेल तर बहुतेक ठिकाणी एफएन आणि उजवा बाण. मेनू आला तर समजा कनेक्शन ठणठणीत आहे, मेलाय तो डेस्कटॉप. टास्क मॅनेजर उघडा, नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर लिहून चालवा.

हे वारंवार होत असेल तर दोष बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हरच्या नवीन पद्धतीत असतो. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर असतो, त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्पलेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट असं उतरत जा (हो, एवढं खोल), तिथे डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर वापरा अशी एक ओळ आहे, ती डिसेबल करून रिस्टार्ट. जुन्या पद्धतीवर जातं, दिसायला फरक पडत नाही. ते करूनही नाही झालं तर आपल्याकडच्या आरडीपी खिडकीत एक्सपिरियन्स टॅबवर बिटमॅप कॅशिंगची खूण काढून बघा.

प्रश्न (पुणे): इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर सेकंड हँड मिनी पीसी घेतला, उबंटू 24.04 (लिनक्स) टाकलं. डमी प्लग पण लावला तरी एनीडेस्क जोडल्यावर डिस्प्ले सर्व्हर सपोर्टेड नाही म्हणतं. मग एक्सआरडीपी (लिनक्सवरचं आरडीपी) टाकलं तर लॉगिननंतर काळी स्क्रीन आणि लगेच बाहेर. आता वैताग आलाय.

उत्तर: तुझ्याकडे दोन वेगवेगळी भांडणं आहेत आणि तू दोन्ही एकत्र सोडवायला गेलास.

पहिलं वेलँडचं. उबंटूची स्क्रीन आता वेलँडवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर चालते आणि वेलँड कुठल्याही प्रोग्रॅमला असं सहजासहजी दुसऱ्याची स्क्रीन उचलू देत नाही, ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलंय. लॉगिन करताना खाली कोपऱ्यात जे दातेरी चाक दिसतं तिथून उबंटू ऑन झॉर्ग (झॉर्ग म्हणजे जुनी यंत्रणा) निवडलं की एनीडेस्क चालेल. कायमचं करायचं असेल तर ईटीसी फोल्डरमध्ये जीडीएम3, त्यात कस्टम नावाची कॉन्फ फाइल, तिच्यात वेलँड एनेबल फॉल्स अशी ओळ आधीच लिहिलेली असते, पुढे # असतो म्हणून ती झोपलेली असते, तो # खोडायचा आणि रिस्टार्ट. पण हा रस्ता पुढे बंद होतोय, उबंटू 25.10 पासून झॉर्गचं ते सेशनच काढून टाकलंय, त्यामुळे अपग्रेड केलंस तर परत पहिल्या पानावर.

दुसरं एक्सआरडीपीचं. ते स्वतःची स्क्रीन बनवणाऱ्या जातीतलं, म्हणजे मॉनिटर नसल्याचं त्याला काही वाटत नाही. पण तू मशीनवर ऑटो लॉगिन लावून ठेवलेलं असणार, म्हणजे तुझ्याच नावाने एक डेस्कटॉप आत आधीच चालू, आणि एकाच युजरचे दोन ग्नोम डेस्कटॉप (ग्नोम म्हणजे उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) एका वेळी नांदत नाहीत. ऑटो लॉगिन बंद कर, रिस्टार्ट कर, समोरून लॉगिन न करता थेट लांबून ये. बहुतेक वेळा एवढ्यानेच काळी स्क्रीन जाते.

आणि खरं सांगू का, 24.04 वर तुला यातलं काहीच नको. त्यात ग्नोम 46 आहे आणि त्यात मॉनिटर नसलेल्या मशीनसाठी सोय आतच दिली आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, तिथे दोन टॅब आहेत. डेस्कटॉप शेअरिंग म्हणजे चालू स्क्रीन दाखवणं, आणि रिमोट लॉगिन म्हणजे नवीन स्क्रीन बनवून त्यात घेणं. तुला रिमोट लॉगिन हवंय. लोक पहिला टॅब चालू करतात, स्क्रीन लॉक झाली की कनेक्शन तुटतं, ऑटो लॉगिन असेल तर रिस्टार्टनंतर पासवर्डची किल्ल्यांची पेटी म्हणजे कीरिंग बंदच राहते आणि मग कितीही बरोबर पासवर्ड टाका, आत घेत नाही. दोन्ही टॅब चालू ठेवलेस तर रिमोट लॉगिन 3389 पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचा नंबरी दरवाजा) राहतं आणि शेअरिंग 3390 वर सरकतं, हे माहीत नसलं की डोकं फिरतं. एक्सआरडीपी आधी काढून टाक मात्र, तेही 3389 अडवून बसतं.

प्रश्न (नाशिक): द्राक्षबागेत हवामानाचे सेन्सर जोडलेला रास्पबेरी पाय 4 (कार्डाएवढा छोटा कॉम्प्युटर) आहे. व्हीएनसीने जोडलं की डेस्कटॉप दाखवता येत नाही असा मेसेज. कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय फोर्स हॉटप्लगची ओळ 1 केली, काही फरक नाही.

उत्तर: ती ओळ जुन्या सिस्टिमची. ऑक्टोबर 2023 मध्ये पायची बुकवर्म आवृत्ती आली, तिचा डिस्प्ले ड्रायव्हर त्या ओळीकडे बघतच नाही. एसएसएचने, म्हणजे लांबून नुसत्या कमांड देऊन, आत जा, रास्पी-कॉन्फिग चालवा, डिस्प्ले ऑप्शन्समध्ये व्हीएनसी रिझोल्यूशन आहे, ते निवडून रिस्टार्ट करा. त्याने नाही भागलं तर बूट, फर्मवेअर फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल उघडा, त्यातल्या ओळीच्या शेवटी जागा सोडून व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, एचडीएमआय-ए-1, कोलन, 1920 एक्स 1080, कॅपिटल एम, @60, कॅपिटल डी, मध्ये कुठेही जागा न सोडता, इंग्रजीत. शेवटचा डी म्हणजे मॉनिटर असो नसो, डिजिटल आउटपुट चालू धर. फाइल एकाच ओळीची असते, चुकून एंटर दाबलंत तर पाय सुरू व्हायचा नाही आणि कार्ड काढायला बागेत जावं लागेल. 1 नंबरचा पोर्ट म्हणजे पॉवरच्या वायरीजवळचा. हीच युक्ती साध्या लिनक्स मिनी पीसीवरही चालते, तिथे ती ओळ ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) लिहितात आणि शेवटी डी किंवा स्मॉल ई.

बाकी सेन्सरचे आकडे बघायला पूर्ण डेस्कटॉप लागतो का याचाही विचार करा, ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान केलंत तर हा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): आई-बाबा नागपूरला असतात, त्यांच्या टीव्हीला मिनी पीसी जोडून दिलाय, विंडोज 11 होम. मी इथून रस्टडेस्कने त्यांची बिलं, बँकेचं वगैरे बघतो. आईने टीव्ही स्विचवरून बंद केला की माझ्याकडे स्क्रीन काळी किंवा चिमुकली. वर तिकडे लाइट गेली की आल्यावर पीसी आपोआप चालू होत नाही, बाबांना फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं, तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात.

उत्तर: आईंना टीव्ही चालू ठेवा असं सांगून बघितलं असेल तर काय उत्तर मिळालं ते मला माहीत आहे. बिल कोण भरणार!

साधा कॉम्प्युटर मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर तो बंद असतानाही बरेचदा ओळखला जातो, कारण त्या ईडीआयडीच्या चिपला वीज पीसीकडूनच मिळते, मघाचे 5 व्होल्ट. टीव्हीचं तसं नाही, बरेच टीव्ही बंद झाले की 19 नंबरची पिन सोडून देतात. डिस्प्लेपोर्टवरचे मॉनिटरही असाच दगा देतात, ऑफिसातले जुने छोटे पीसी ज्यांनी घेतलेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

तुमच्या पीसीला दुसरा एचडीएमआय पोर्ट असेल, बहुतेकांना असतो. टीव्ही पहिल्यात, डमी प्लग दुसऱ्यात. पण इथे एक गंमत होते, विंडोजला वाटतं दोन मॉनिटर आहेत, डेस्कटॉप पसरून टाकतं, आणि आईने यूट्यूब उघडलं की ते जातं त्या प्लगच्या न दिसणाऱ्या स्क्रीनवर. म्हणून टीव्ही चालू असताना विंडोजची कळ आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. मग दोन्हीकडे एकच चित्र, टीव्ही बंद झाला तरी प्लगवरचं चालू. एखादी खिडकी तरी हरवलीच तर विंडोज, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण, ती इकडच्या स्क्रीनवर उडी मारते. तुम्ही बँकेचं काम करताना टीव्हीवर बाण आपोआप फिरताना दिसेल, शेजारी बसलेले असले तर आईंना आधी फोन करा म्हणजे झालं.

लाइटचं काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये आहे आणि तिथे लांबून पोचता येत नाही, भाचा-पुतण्या कोणीतरी टीव्हीसमोर यूएसबी कीबोर्ड घेऊन बसवावा लागेल. चालू करताना डिलीट किंवा एफ2, आत रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस किंवा तशाच नावाची ओळ, ती पॉवर ऑन करायची. जुन्या मशीनला कीबोर्ड नाही म्हणून अडून बसायची सवय असते, एफ1 दाबा म्हणतात, तोही नियम तिथेच बंद करून टाका. मग विंडोजमध्ये पॉवर सेटिंगला स्लीप कधीच नाही, आणि रस्टडेस्क सर्व्हिस म्हणून इन्स्टॉल केलंय ना ते बघा, नुसतं डाउनलोड करून चालवलेलं असेल तर रिस्टार्टनंतर ते आपोआप उठतच नाही.

राउटरच्या छोट्या यूपीएसवर मिनी पीसी पण लावायचा मोह होईल, कारण बरेचदा दोन्ही 12 व्होल्टचे असतात. पीसीच्या अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते आधी वाचा, 3 असेल आणि यूपीएस 2 चा असेल तर जोर लागला की पीसी मधेच बंद पडेल.

प्रश्न (सोलापूर): राउटरवर 3389 पोर्ट उघडून दिला तर कुठूनही आरडीपी करता येईल असं एकाने सांगितलं. करू का?

उत्तर: नका करू. उघड्या 3389 वर दिवसरात्र पासवर्ड मारून बघणारे प्रोग्रॅम फिरत असतात, आणि 2019 साली ब्लूकीप नावाचं भोक निघालं होतं ज्यात पासवर्डही लागत नव्हता, जुन्या विंडोजवर थेट प्रवेश. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँडवर तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक पत्ताच मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग शून्य. टेलस्केल किंवा वायरगार्ड (दोन मशीनमध्ये खाजगी बोगदा काढणारी सॉफ्टवेअर, म्हणजे व्हीपीएन) दोन्हीकडे टाका आणि त्याच्या आतून आरडीपी करा.

प्रश्न (बेळगाव): लिनक्स मिनी पीसीवर लांबून सगळं नीट दिसतं, फक्त मराठी फाइलींची नावं चौकोन चौकोन दिसतात. रिझोल्यूशनमुळे का?

उत्तर: नाही हो, फॉन्टच नाहीये. मॉनिटर नसलेल्या मशीनवर लोक छोटी सिस्टिम टाकतात, तिच्यात देवनागरी येत नाही. अक्षरं त्या मशीनवर काढली जातात आणि तुमच्याकडे फक्त चित्र येतं, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर फॉन्ट असून काही होत नाही, तिकडेच टाकायचा. उबंटू किंवा डेबियन असेल तर लोहित देवनागरी किंवा नोटो फॉन्टचं पॅकेज टाका आणि एकदा लॉगआउट करून परत या.